बारा फुटी टिळा

दसऱ्याच्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, पिंपळगाव राजाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात माझं यान फुटलं. जाकीरचं फुटलं नाही. बटण मी दाबलं.

वरचा परिच्छेद कृपया वाचलाच नाही असं समजा. असं काही झालेलं नाही. माझं यान सुस्थितीत आहे, मीही सुस्थितीत आहे आणि जाकीरबद्दल माझ्या मनात काहीही नाही. ते नाही ना, हे मी दिवसातून साधारण चाळीस वेळा तपासतो.

मी विहंग, राहणार नांदुरा. सिनेमासाठी अंतराळयानांच्या छोट्या प्रतिकृती बनवतो. अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात हे काम करणारे दोनच लोक आहेत आणि दोघंही एकाच गल्लीत राहतात. देवानं वाटप करताना नकाशा बघितला नाही.

दुसरा जाकीर. त्याच्या वडिलांचं, म्हणजे मेहबूबभाईंचं, कूलर बनवायचं दुकान आहे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये माणूस जिवंत राहतो तो मेहबूबभाईंमुळे, त्यामुळे त्या घराबद्दल वाईट बोलायची सोय नाही. जाकीर सातवीपासून पत्रा वाकवतो. त्याच्या हातात पत्रा गेला की पापड भाजल्यासारखा आपोआप वळतो. मी पत्रा हातात घेतला की टिटॅनसचं इंजेक्शन घ्यावं लागतं.

पण स्केल मला त्याच्यापेक्षा जास्त कळते. प्रतिकृतीच्या कामात स्केल म्हणजे सगळं. चार फुटांचं यान पडद्यावर हजार फुटांचं वाटलं पाहिजे; त्यावर एक स्क्रू जरी खऱ्या मापाचा दिसला, तरी प्रेक्षक म्हणतो, हे तर खेळणं आहे. नांदुऱ्याच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. हायवेवर एकशे पाच फुटी मारुती उभा आहे. लहानपणापासून आम्ही त्याच्या पायाशी उभं राहून फोटो काढतो आणि आपण केवढे आहोत ते कळून घरी येतो.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या पहिल्या यानाचा व्हिडिओ टाकला. ठिबकचे जॉइंट, फवारणी पंपाचे नोझल आणि बाबांच्या ऑफिसातल्या निर्लेखित टाइपरायटरच्या कळा वापरून बनवलेलं यान. बाबा पंचायत समितीत वरिष्ठ सहायक आहेत. आमच्या घरात वस्तू जुनी होत नाही, निर्लेखित होते. तो व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला. त्यातल्या बऱ्याच लोकांनी खाली एकच प्रश्न विचारला : मागे पत्रा कापतोय तो कोण?

मागे जाकीर होता. मी त्याच्या दुकानात शूटिंग केलं होतं, कारण तिथं उजेड चांगला येतो. तो दोन सेकंद दिसला होता. त्या दोन सेकंदांत त्यानं पत्र्याची एक पट्टी कापून, दुमडून, न बघता मागच्या ढिगावर टाकली होती आणि ती बरोबर ढिगावर पडली होती. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. पट्टी दर वेळी बरोबर पडते.

म्हणून भार्गवी मॅडमचा पुण्याहून फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं मिळून करता ना हे?"

"नाही, तो कूलर बनवतो," मी म्हणालो.

"अरे वा! मग त्यालाही विचारा."

भार्गवी मॅडम दिग्दर्शिका. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं शांत आणि निर्णय फटकन. कॉम्प्युटरवर केलेल्या यानांचा त्यांना कंटाळा आला होता. खरी प्रतिकृती, खरा धूर, खरा उजेड, असं त्यांचं म्हणणं होतं. पिंपळगाव राजाचं ते कापसाचं गोदाम घेण्याचं कारण मात्र वेगळं होतं : ते अंधारं होतं आणि स्वस्त होतं. आतून सगळं काळं कापड लावलं की झालं अंतराळ. फक्त छपरातून अधूनमधून कापसाचे जुने पुंजके तरंगत खाली यायचे. मॅडम म्हणाल्या, असू द्या, तारे म्हणून चालतील.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला गोष्ट सांगितली. सिनेमात दोन यानं आहेत. एक नायिकेचं, ते शेवटी घरी पोचतं. दुसरं दुश्मनाचं, ते फुटतं. दोघांनी एकेक यान बनवायचं, एकास अडीचशे या मापात. कोणतं नायिकेचं आणि कोणतं फोडायचं, ते त्या दसऱ्याला कॅमेऱ्यातून बघून ठरवणार. आणि नायिकेचं यान ज्याचं असेल, त्याला पुढच्या सिनेमात प्रतिकृती विभागाचा प्रमुख म्हणून पुण्याला घेणार.

"म्हणजे एकाचं फुटणार," मी म्हणालो.

"हो, पण छान फुटणार," मॅडम म्हणाल्या.

गोदामातून बाहेर पडल्यावर जाकीर म्हणाला, "माह्यं फुटलं तरी चालते ना बे. पत्राच आहे. भंगारात जाईन."

हे असं बोलणं माणसाला आतून पोखरतं. तो खरंच तसं समजत असेल तर तो माझ्यापेक्षा मोठा माणूस आहे. आणि खोटं बोलत असेल तर खोटंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं बोलतो. दोन्हीकडून मीच मेलो.

मी अडीच महिने यान बनवलं. नऊशे बारा तुकडे. प्रत्येक तुकडा चिमट्यानं उचलून चिकटवलेला. शेपटीवर सुईनं कोरून MH 28 लिहिलं, इतकं बारीक की मलाही भिंगाशिवाय दिसेना. रंगाचे सात हात दिले.

जाकीरनं तीन आठवड्यांत बनवलं. कूलरच्या पत्र्याची एक लांब वळलेली चादर, दोन पंख, संपलं. वर राखाडी मॅट रंगाचा एक हात. बाकी काही नाही. ते टेबलावर ठेवलेलं असायचं आणि आत्ताच कुठून तरी आलंय असं वाटायचं. माझं यान टेबलावर ठेवलं की टेबलावर ठेवलंय असं वाटायचं.

एकदा बाबा स्कूटरवरून गोदामात आले. माझ्या यानाभोवती चष्मा पुसून दोन चकरा मारल्या.

"भरपूर सामान लागलेलं दिसतं," ते म्हणाले.

मग जाकीरच्या यानापाशी गेले. त्यावर हात फिरवला. आपल्या घरचा कूलर जाकीरनं बनवलाय, आठ वर्षांत आवाज नाही, हे त्यांनी तिथं जमलेल्या लाइटवाल्यांना सांगितलं. मग यानाच्या पोटावर बोटानं वाजवून बघितलं.

"यात पाणी भरलं तरी गळणार नाही," ते म्हणाले. बाबांच्या तोंडून मी ऐकलेली ही सर्वोच्च स्तुती आहे आणि ती एका अंतराळयानाची होती. माझ्या यानाची नाही.

तर खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते हे वेगळं सांगायला नको. ज्याचं जे हत्यार. गोदामात सकाळपासून कॅमेऱ्याला हार, ट्रॉलीला हार, लाइटच्या स्टँडना झेंडूची फुलं. स्फोटाचं काम बघायला खामगावहून नारायणराव आले होते. लग्नाच्या वरातीत दारूकाम करणारा माणूस, चाळीस वर्षांचा अनुभव आणि दोन्ही भुवया जागेवर. त्यांनी त्यांच्या बॅटरीच्या डब्याला कुंकू लावलं आणि लांब उभं राहून नमस्कार केला.

जाकीर त्या दुपारी दुकानावर गेला होता. तिथं दयाराम नावाचा त्यांचा जुना कामगार दरवर्षी कटिंग मशीनची पूजा करतो आणि नारळ मेहबूबभाई आणतात. मॅडम खामगावला जेवायला गेल्या होत्या. बाकीचे लोक बाहेर लिंबाखाली डबे उघडून बसले होते. आत मी होतो, दोन यानं होती आणि पूजेचं ताट होतं.

मी आधी फक्त ताट उचललं. ताट उचलणं गुन्हा नाही.

मग मला गणित सुचलं. एकास अडीचशे. तांदळाचा एक दाणा सहा मिलिमीटर. म्हणजे त्या यानावर तो दीड मीटरचा होणार. यानाच्या पंखावर एक अक्षता पडली, तर पडद्यावर तिथं पाच फुटी माणूस आडवा झोपलेला दिसणार. आणि बोटानं लावलेला टिळा? दीड सेंटिमीटर म्हटलं तरी बारा फूट. बारा फुटी टिळा! कॅमेरा जवळ गेला की संपलं. स्केल मेली. बघणारा म्हणेल, हे तर कुणाच्या तरी घरातलं खेळणं आहे, फोडा हे.

शिवाय मॅट रंगात ओलं कुंकू शिरलं की निघत नाही. घासलं तर पसरतं. हेही मला माहीत होतं. माझा अभ्यास चांगला आहे.

मी अनामिका पाण्यात बुडवली, कुंकवात बुडवली आणि जाकीरच्या यानाच्या डाव्या पंखावर टिळा लावला. चांगला दाबून. वर हळदीचं बोट. वर अक्षता. हात जोडले. कुणी बघितलं असतं तर काय बघितलं असतं? एक भाविक तरुण. पूजेच्या नावाखाली केलेल्या कामाला आपल्याकडे पावती मागत नाहीत.

माझ्या यानाला मी लांबूनच नमस्कार केला. माझ्या यानाची स्केल मला सांभाळायची होती.

दसऱ्याला सकाळी जाकीर आला, पंखाकडे बघितलं, फुंकर मारून अक्षता उडवल्या. दोन चिकटून राहिल्या. माझ्याकडे बघितलं, मी नारायणरावांशी हवामानावर बोलत होतो.

दुपारी धूर सोडला, लाइट लावले आणि मॅडम मॉनिटरसमोर बसल्या. आम्ही मागे उभे. आधी माझं यान. कॅमेरा त्याच्या पोटाखालून हळूहळू सरकत गेला. खिडक्या, नळ्या, झरोके, शेपटी, MH 28. मॅडम मान हलवत होत्या. "फार सुंदर," त्या म्हणाल्या. मी जाकीरकडे बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण खालच्या बाजूनं.

मग जाकीरचं. लांबलचक राखाडी पत्रा अंधारातून बाहेर आला. कॅमेरा पंखावर गेला. आणि मॉनिटरभर लाल रंग पसरला.

मी वाट बघत होतो की आता हसतील.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "हे काय आहे?"

"कुंकू आहे, म्याडम," जाकीर म्हणाला. "कालची पूजा."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. मॉनिटरला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. टिळ्यातल्या बोटाच्या रेषा शेतातल्या नांगराच्या तासांसारख्या दिसत होत्या. लांबच लांब, वळत गेलेल्या. आणि त्यांच्या मधोमध एक सरळ आडवी खाच. ती खाच मी ओळखली. गेल्या वर्षी कटर लागला होता तेव्हाची, माझ्या अनामिकेवरची. तीन टाके पडले होते. मी बोट खिशात घातलं.

"यानापेक्षा मोठं कुणीतरी," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "निघताना याला टिळा लावून गेलंय."

वरून कापसाचा एक पुंजका आला आणि पंखाजवळून गेला. त्यालाही नेमकं त्याच वेळी यायचं होतं.

"मला अडीच महिने कळत नव्हतं, हे यान घरी का पोचतं," मॅडम म्हणाल्या. "आत्ता कळलं. याला कुणीतरी ओवाळून पाठवलंय. हेच नायिकेचं."

"आणि माझं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या यानाकडे बघितलं. नऊशे बारा तुकडे, रंगाचे सात हात.

"काल सगळ्यांची पूजा झाली ना? ट्रॉलीची पण झाली. मग याला कुणी काहीच कसं लावलं नाही? बघा ना, कुणाचंच नसल्यासारखं दिसतंय. दुश्मनाचं अगदी असंच हवं."

"लावतो ना मी, दोन मिनिटांत लावतो," मी म्हणालो. ताट अजून तिथंच होतं.

"आता लावलं तर लावल्यासारखं दिसेल."

नारायणरावांनी त्यांच्या पेटीतून एक पुडी काढली आणि माझ्या यानाच्या पोटात कुठं जागा आहे ते बोटानं चाचपायला लागले. "भरगच्च काम हाय," ते मला म्हणाले. "मस्त उडन."

तेव्हा जाकीर मध्ये पडला.

"म्याडम, याचं नका फोडू. अडीच महिने खपला हा त्याच्यावर. फोडायले मी दुसरं बनवून देतो ना. पत्र्याचंच. चार दिवस द्या."

"गोदाम रविवारपर्यंतच आहे आपल्याकडे."

"मंग तीन द्या. दयारामले घेतो संगं."

मॅडमनी बोटांवर दिवस मोजले. "जमेल. उलट पत्रा फुटताना छान दिसेल. विहंग, चालेल ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला फक्त 'हाव' म्हणायचं होतं. एक शब्द. यान वाचलं असतं. ते घरी काचेच्या पेटीत बसलं असतं, बाबांनी पाहुण्यांना दाखवलं असतं, आणि प्रत्येक पाहुण्याला सांगितलं असतं की हे फुटणार होतं, पण जाकीर होता म्हणून वाचलं.

मी तोंड उघडलं.

"फोडा," असं ऐकू आलं. आवाज माझाच होता.

"येडा झाला का बे?" जाकीर.

"सीन दुश्मनाच्या यानाचा आहे. दुश्मनाचंच फुटलं पाहिजे. तुहा कूलर मधात कायले?"

मॅडमनी खांदे उडवले. निर्णय फटकन घेणारी बाई, दोनदा विचारत नाही. नारायणरावांनी पुड्या भरायला सुरुवात केली. त्यांना अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात जाकीर मला ओढत बाहेर लिंबाखाली घेऊन गेला.

"काऊन असा करून राह्यला तू?"

"काही नाही. कलेसाठी."

"कलेच्या नानाची," तो म्हणाला. मग जरा थांबून, "बोट दाखव."

"कोणतं?"

"बारा फुटाचं."

मी खिशातून हात काढला नाही. तसं त्याला दाखवायची गरजही नव्हती. कटर लागला तेव्हा मला गाडीवर मागं बसवून दवाखान्यात त्यानंच नेलं होतं आणि टाके घालताना मी बेशुद्ध पडल्यामुळे ते बघितलेही त्यानंच होते.

"सकाळीच ओळखलं मी," जाकीर म्हणाला.

"मंग पुसलं काऊन नाही?"

"घासलेटानं निघते ते. आमच्या मशीनचं दयाराम लावते, आठ दिवसानं मीच काढतो. डबा गाडीत होता माह्या." त्यानं लिंबाची काडी तोडून दातात धरली. "पण तू लावलं ना. मले वाटलं, तू माह्या यानासाठी पूजा केली. स्वतःच्याले सोडून. म्हणून राहू देलं."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो मस्करी करतोय का, हे मला कळेना. आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलेलो. त्याची मस्करी मला दोन गल्ल्या लांबून कळते. या वेळी कळली नाही, आणि तो काडी चावत शांतपणे माझ्याकडे बघत राहिला. त्या वेळी मला त्याचा जेवढा हेवा वाटला, तेवढा त्याच्या पत्र्याचासुद्धा कधी वाटला नव्हता.

"हाव," मी म्हणालो. "तुह्यासाठीच केली."

"मालूम आहे," तो म्हणाला. काय मालूम आहे, ते नाही म्हणाला.

आतून नारायणरावांनी हाक मारली. त्यांच्या धंद्यात एक रीत आहे : ज्याच्या घरचं कार्य, पहिली वात त्यानं लावायची. इथं वात नव्हती, लाल बटण होतं. त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि स्वतः खांबामागे गेले. जाकीर माझ्या शेजारी उभा राहिला. मागं सरक म्हटलं तरी सरकला नाही.

यान फुटलं नाही. ते एकाच वेळी नऊशे बारा दिशांना गेलं. कॅमेरा हळू गतीवर होता, त्यामुळे मॉनिटरवर ते सव्वा मिनिट जात होतं. टाइपरायटरची एक कळ कॅमेऱ्याच्या अगदी जवळून गेली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. लाइटवाल्यांनी वाजवल्या. जाकीर टाळ्या न वाजवता खाली वाकला आणि एकेक तुकडा उचलून शर्टाच्या ओच्यात गोळा करायला लागला. गरम तुकडे. त्याचे हात पत्र्याचे आहेत, त्याला भाजत नाही. मी एक उचलला आणि मला भाजलं.

संध्याकाळी घरी गेलो. बाबांना सांगितलं, माझं यान सिनेमात आहे.

"आणि जाकीरचं?"

"त्याचंही आहे."

"त्याचं चांगलंच असणार," बाबा म्हणाले आणि मला सोनं म्हणून आपट्याचं पान दिलं. मग मी त्यांच्याकडून एक फुलस्केप कागद मागून घेतला आणि समास सोडून खालील अर्ज लिहिला. त्याची पोच मला अद्याप मिळालेली नाही.

प्रति,
मा. भार्गवी मॅडम,
दिग्दर्शिका, मुक्काम पुणे.

विषय : डाव्या पंखावरील टिळ्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, नायिकेच्या यानाच्या डाव्या पंखावर जो बारा फुटी टिळा आढळून आला व ज्याच्या आधारे सदर यान घरी पोचविण्याचा निर्णय घेण्यात आला, तो टिळा अर्जदाराने स्वतःच्या अनामिकेने, कार्यालयीन वेळेत व कोणतेही मानधन न घेता लावलेला आहे. पुराव्यादाखल अर्जदार सदर बोट प्रत्यक्ष हजर करण्यास तयार आहे.

तरी चित्रपटाच्या अखेरीस 'यान : जाकीर' या ओळीच्या वरच्या ओळीत 'टिळा : विहंग' अशी नोंद एकास एक या मापात करण्यात यावी, टिळा कोणत्या हेतूने लावला याची विचारणा अर्जदाराकडे कोणीही, विशेषतः श्री. जाकीर मेहबूब यांनी, करू नये असे आदेश व्हावेत. आणि तो हेतू चांगला होता अशी दुरुस्ती खंडेनवमीच्या दुपारपासून पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करण्यात यावी, ही विनंती.